कॅराव्हॅनमध्ये रात्रभर एसी का चालत नाही? उन्हाळ्यात गाडी गार ठेवण्याचे गणित

उन्हाळी सुट्टीत कॅराव्हॅन घेऊन पुण्याकडे निघालेले कुटुंब भर दुपारी खोपोलीच्या शिळफाट्यावर पोहोचले, की पहिला प्रश्न पडतो: रात्रीचा मुक्काम घाटाखाली करायचा की वर? राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पण चाकांवरच्या या घरातली झोप वातानुकूलन यंत्रापेक्षा गाडी कुठे आणि कधी थांबते, यावर जास्त अवलंबून असते.

गाडी किती तापते?
काचेतून आलेल्या उन्हाने आसने, फळ्या तापतात आणि उष्णता आतच कोंडते. उन्हात उभ्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान सुमारे १० अंशांनी वाढू शकते. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. त्यामुळे लहान मूल, वृद्ध किंवा पाळीव प्राण्याला ‘पाच मिनिटांसाठी’ही आत ठेवू नये.

एसीला अडचण काय?
२०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदोपत्री २,४०० वॉट-तास वीज मावते. १,००० वॉटचा एसी सलग चालला, तर ती अडीच तासही पुरत नाही. ३० वॉटचा पंखा मात्र आठ तासांत २४० वॉट-तास, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा खातो. रात्रभर एसी हवा असेल, तर बाहेरून वीजजोडणी मिळेल अशाच ठिकाणी थांबावे.

इंजिन सुरू ठेवून झोपावे का?
अजिबात नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो. झोपेतच जीव जाऊ शकतो. खिडकीजवळ ठेवलेला जनरेटरही तितकाच घातक.

कूलर चालेल?
कोकणातल्या दमट हवेत पाण्याची वाफ नीट होत नाही, त्यामुळे कूलर फक्त चिकचिक वाढवतो. घाटमाथा ओलांडून पूर्वेकडच्या कोरड्या हवेत गेल्यावर तो उपयोगी पडतो.

मग काय करावे?
• गाडी सावलीत लावा. पण नारळाखाली किंवा वाळक्या फांद्यांखाली नको.
• चकाकणारा पडदा शक्यतो काचेच्या बाहेरून लावा.
• सावलीकडची खिडकी उघडा आणि छतावरचा पंखा गरम हवा बाहेर फेकेल असा चालवा.
• स्वयंपाक गाडीबाहेर करा.

घाट कधी चढावा?
दर १०० मीटर उंचीला तापमान साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाने उतरते. सुमारे ६२५ मीटर उंचीवरचे लोणावळा म्हणूनच पायथ्यापेक्षा तीन-चार अंशांनी गार असते. मात्र भर उन्हात जड गाडी बोरघाट चढताना इंजिन तापते. काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

थोडक्यात, दुपार शिळफाट्याच्या परिसरात सावलीत काढावी, ऊन उतरल्यावर घाट चढावा आणि झोपायला वर जावे.