एका पणतीने दुसरी पणती

मुलांनो, भाजीत मीठ कधी दिसतं का? नाही ना! पण आई घालायला विसरली, की पहिल्याच घासाला घरभर कळतं. आणि दिवा? वीज गेल्यावर दिव्याला काही ‘मी दिवा आहे’ असं ओरडून सांगावं लागत नाही. तो लागला की पुरे.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांना मीठ आणि दिवा याच दोन वस्तूंची उपमा दिली. दोन्ही वस्तू दुसऱ्याच्या उपयोगाच्या! आता विचार करा, रविवारी चर्चला गेलो, नाताळात दारावर चांदणी टांगली, एवढ्याने आपण दिवा झालो का? आपल्या घरातला उजेड शेजारच्या घरात पोचतो का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आमच्या पाचोडहून बीड आणि बीडहून पुढे जामखेड. तिथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य आयुष्यभर राहिले.

रजनीकांत हे नगर जिल्ह्यातल्या शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. मेबल जबलपूरच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघे डॉक्टर झाले. १९६० मध्ये लग्न झाले, त्याच दिवशी दोघांनी ठरवले, की आपले आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचे. पुढे ते जास्त शिकायला अमेरिकेत गेले. तिथेच राहते तर पैसा, बंगला, मानमरातब सारे मिळाले असते. पण १९७० मध्ये ते परतले आणि दुष्काळी जामखेडमध्ये त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

त्या वेळी या भागातली परिस्थिती फार वाईट होती. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळे पहिला वाढदिवसही पाहत नसत. डॉक्टर आले ते औषधे घेऊन, पण गावकरी म्हणाले, “आधी पाणी द्या, आधी पोटाला द्या.” लवकरच १९७२ चा दुष्काळ पडला. (घरी आजीला विचारा, ती सुकडीची आणि खडी फोडण्याची गोष्ट नक्की सांगेल.) दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, “अहो, मी डॉक्टर आहे, माझा विहिरीशी काय संबंध?” आरोळ्यांनी मात्र गावकऱ्यांचे ऐकले. लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली, विंधनविहिरी खणल्या.

आता गंमत पाहा. या विहिरी मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर शिवू देत नव्हते, त्यांच्याच दाराशी हातपंप आला! मग काय, तहान लागली की साऱ्या गावाला तिकडेच जावे लागे. अस्पृश्यतेवर भाषण न देता डॉक्टरांनी केवढा धडा शिकवला!

पुढचा प्रश्न होता, खेड्यात राहून रोज काम कोण करणार? शहरातल्या नर्सबाई खेड्यात टिकत नव्हत्या. तेव्हा आरोळ्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. कुणी सवर्ण, कुणी दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपणात स्वच्छता कशी राखायची, गरोदर बाईने काय खायचे, असे सारे. रात्री मुक्काम असे. तेव्हा सगळ्यांना मिळून एकच मोठे पांघरूण होते! जात बाजूला ठेवल्याशिवाय थंडी जाणार कशी?

शिकलेले त्या गावात जाऊन इतरांना शिकवत. हळूहळू बाळे जगू लागली. १९९० च्या दशकापर्यंत तो १७६ चा आकडा विसाच्या आसपास आला. २००५ नंतर ज्या आशाताई गावोगाव दिसू लागल्या, तसे काम जामखेडच्या बायका कितीतरी वर्षे आधी करत होत्या.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. त्यांनी प्रभूवरची श्रद्धा कधी लपवली नाही. पण ‘आधी माझा धर्म घे, मग औषध देतो’ असा सौदाही केला नाही. त्यांची श्रद्धा लोकांना दिसली ती कामातून.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट शेवटी सांगते. १९८८ मध्ये जामखेडच्या एक आरोग्यसेविका, मुक्ताबाई पोळ, अमेरिकेत वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. छताला झगमगती झुंबरे होती. त्या म्हणाल्या, की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे असतात, सुंदर पण महागडे आणि हाती न येणारे. मग त्यांनी पिशवीतून दोन साधे दिवे काढले. एक पेटवला, त्यावरून दुसरा. आपण अशा दिव्यासारख्या आहोत, हे त्यांनी सगळ्यांना दाखवून दिले. झुंबरावरून झुंबर पेटत नाही. पणतीवरून मात्र पणती पेटते!

प्रभूच्या शिकवणुकीने डॉक्टरांचा दिवा लागला, आणि तो उजेड मुक्ताबाईंसारख्या शेकडो जणींच्या हाती गेला. चांगले उदाहरण म्हणतात ते हेच.

तुम्हीही हे करू शकता, बरं का! वर्गात ज्याच्याजवळ कुणी बसत नाही, त्याच्याशेजारी उद्या डबा उघडा. तुम्हाला जमलेलं गणित न जमणाऱ्याला समजावून सांगा. पालकांनो, घरी कामाला येणाऱ्या मावशींना चहा कोणत्या कपातून देतो, हे मुलं रोज पाहत असतात. त्यांचा पहिला धडा तोच.

मग, तुमच्या पणतीवरून या आठवड्यात कुणाची पणती पेटणार?