लघुलहरींची पोचपावती

लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, दूरचे रेडिओ केंद्र ऐकून त्याचा तपशील कळविणाऱ्या श्रोत्यास केंद्राकडून जे पोचपत्र मिळते, त्यास 'क्यूएसएल कार्ड' म्हणतात. वॉटफर्डहून असा अहवाल पाठविताना दिनांक, किलोहर्ट्‌झमधील वारंवारता, ध्वनीची स्पष्टता आणि ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील द्यावा. तपशिलाविना ऐकल्याचा पुरावा राहत नाही. वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहावी. उन्हाळ्यात येथील घड्याळ तिच्या १ तास, तर भारतातील घड्याळ बाराही महिने साडेपाच तास पुढे असते.

अशी पत्रे देणाऱ्या रेडिओ नेदरलँड्सचे इंग्रजी प्रसारण २०१२ मध्ये, तर रेडिओ ऑस्ट्रेलियाचे लघुलहरी प्रसारण ३१ जानेवारी २०१७ रोजी थांबले. त्या प्रसारणांची नवी पोच आता मिळणे नाही. म्हणून गावाकडच्या घरातील जुनी कार्डे रद्दीत जाऊ देऊ नयेत.