अर्जंट मालवाहतूक सुरू करताय? आधी गाडीचा साइज ठरवा

आजचा विषय आहे अर्जंट मालवाहतूक. समजा, चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनला पार्ट कमी पडतोय आणि सप्लायर आहे वाळूजला. वाहन कंपन्या पार्टचा साठा फार ठेवत नाहीत, त्यामुळे लाइन थांबायच्या आत माल पोचायलाच हवा. अशा वेळी अख्खी गाडी एकाच ग्राहकासाठी निघते. भाडं चांगलं मिळतं, पण वेळ चुकली की पुढचा फोन येत नाही.

मग गाडी कोणती घ्यायची? सल्ला ठरलेला असतो: "मोठीच घे, सगळं बसेल." आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच वाद चालतो. क्वचित येणाऱ्या गर्दीसाठी मोठा सर्व्हर घ्यायचा, की रोजच्या लोडपुरता? पण सर्व्हर दोन क्लिकमध्ये लहान करता येतो. ट्रकचा हप्ता नाही ना करता येत!

वजन आणि जागा, दोन्ही मोजा

छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, साधारण पाऊण टन माल नेतो. हौदा सात फुटांच्या आसपास. १२०० बाय १००० मिलिमीटरचे दोन पॅलेट त्यात बसतात. पण प्रत्येक पॅलेट ५०० किलोचं असेल तर? जागा आहे, वजन बसत नाही! मग बोलेरोसारखी पिकअप लागते, मॉडेलप्रमाणे सव्वा ते दोन टनांपर्यंत. त्याच्या वर चौदा फुटी आयशर.

"थोडं जास्त टाकू, काय होतंय" हे इथे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवायला लावतात. म्हणजे अर्जंट डिलिव्हरी संपलीच.

कागदपत्रं

एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही. छोटा हत्ती आरामात यात येतो, काही पिकअप वर जातात. आरसीवरचा आकडा बघूनच बुकिंग करा. लायसन्सचं म्हणाल, तर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

आता हिशोब

हे आकडे फक्त उदाहरणासाठी. समजा छोट्या गाडीचा हप्ता, विमा, ड्रायव्हर मिळून महिन्याला ३९,००० रुपये. डिझेल, टोल आणि रिकामा परतीचा प्रवास वजा करून फेरीमागे १,५०० उरतात. २६ फेऱ्यांत खर्च निघाला. मोठ्या गाडीचा खर्च ७८,००० आणि फेरीमागे २,४०० उरले, तर ३३ फेऱ्या लागतात. आणि अर्जंट माल बऱ्याचदा दोन-चार खोकीच असतो. त्यासाठी आयशरचं भाडं कोण देणार?

म्हणून डाउन पेमेंट भरायच्या आधी एक काम करा. दहा संभाव्य ग्राहकांना विचारा: गेल्या तीन महिन्यांत अर्जंट काय पाठवलं? वजन, लांबी-रुंदी-उंची, अंतर, सगळं एका शीटमध्ये टाका. दहापैकी आठ ऑर्डर ज्या सर्वांत लहान गाडीत बसतात, ती तुमची पहिली गाडी. उरलेल्या दोनसाठी ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी भाड्याने लावा. अशा ऑर्डर वाढल्या की दुसरी गाडी घ्यायची वेळ आली समजा.

तुमच्या शीटमध्ये काय निघालं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!