बारकोड लेबल मुद्रण, गोदामातील

बारकोड लेबल मुद्रण, गोदामातील : गोदामातील मालाची आवकजावक नोंदविणारी संगणक प्रणाली व लेबल छापणारा प्रिंटर यांची जोडणी करून, नोंद होताच त्या मालाचे बारकोड असलेले लेबल आपोआप छापण्याची पद्धती. संगणक प्रणालीला प्रत्यक्ष माल दिसत नाही; तिला केवळ क्रमांक कळतात. खोक्यावर चिकटविलेले लेबल हाच वस्तू व तिची नोंद यांमधील दुवा असतो. त्यामुळे लेबलावरील क्रमांक कोठून येतो, तो एकदाच छापला जातो काय आणि ते लेबल योग्य वस्तूवर लागते काय, हे तीन प्रश्न या पद्धतीत महत्त्वाचे ठरतात.

इतिहास : बारकोडाचे अमेरिकी पेटंट जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये मिळाले. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायओ राज्यातील ट्रॉय येथील दुकानात च्युइंग गमच्या पाकिटावरील बारकोड वाचून विक्री झाली. अशा किरकोळ विक्रीच्या वस्तूंवर एका प्रकारच्या सर्व नगांना एकच क्रमांक असल्याने तो वेष्टनाबरोबरच मोठ्या संख्येने छापता येतो. गोदामाची गरज निराळी असते. तेथे प्रत्येक खोक्याचा किंवा पॅलेटचा क्रमांक वेगळा असतो आणि त्यासोबत उत्पादनाचा गट क्रमांक, मुदत समाप्तीची तारीख, वजन इ. माहिती द्यावी लागते. ही माहिती आगाऊ छापून ठेवता येत नाही. अक्षरे व अंक दोन्ही दर्शविणारा कोड ३९ (१९७४) व कमी जागेत अधिक माहिती मावणारा कोड १२८ (१९८१) यांच्यामुळे अशा लेबलांचा प्रसार झाला.

क्रमांकाची रचना : पॅलेट किंवा वाहतुकीच्या खोक्यासाठी जीएसवन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकानुसार १८ अंकी क्रमांक वापरतात. त्यात एक विस्तार अंक, संस्थेने दिलेला कंपनीचा क्रमांक, कंपनीने स्वतः द्यावयाचा अनुक्रमांक व शेवटी एक तपासणी अंक असतो. भारतीय शाखेने दिलेले कंपनी क्रमांक ८९० या अंकांनी सुरू होतात. मात्र त्यावरून माल भारतातच तयार झाला असे सिद्ध होत नाही.

तपासणी अंक काढताना पहिल्या १७ अंकांना उजवीकडून अनुक्रमे ३ व १ यांनी आळीपाळीने गुणून बेरीज करतात आणि ती दहाच्या पुढील पटीपर्यंत नेण्यास लागणारा अंक घेतात. उदा., ०८९०१२३४००००००००१ या काल्पनिक क्रमांकासाठी बेरीज ५६ येते, म्हणून तपासणी अंक ४ होतो. कोणताही एक अंक चुकल्यास हा हिशेब जुळत नाही व चूक उघड होते. एकदा वापरलेला क्रमांक माल रवाना झाल्यापासून निदान एक वर्षपर्यंत दुसऱ्या मालास देऊ नये, असा नियम आहे.

प्रिंटर : गोदामात मुख्यतः उष्णतेवर चालणारे प्रिंटर वापरतात. प्रत्यक्ष औष्णिक पद्धतीत उष्णतासंवेदी कागदावर ठिपके उमटतात. तो कागद ऊन व उष्णतेने खराब होत असल्याने अल्पकाळ टिकावयाच्या लेबलांसाठीच ही पद्धत योग्य असते. औष्णिक स्थानांतरण पद्धतीत मेण किंवा रेझीनयुक्त रिबनवरील शाई कागदावर उतरते व छपाई अधिक टिकते.

सामान्य प्रिंटरच्या मुद्रणशीर्षावर दर मिमी.ला ८ ठिपके असतात, म्हणजे एका ठिपक्याची रुंदी ०·१२५ मिमी. असते. बारकोडातील सर्वांत अरुंद रेघेची रुंदी ठिपक्याच्या पूर्ण पटीत ठेवावी लागते. अन्यथा रेघा असमान उमटतात. मुद्रणशीर्षावरील एखादा ठिपका निकामी झाल्यास कागद सरकण्याच्या दिशेने पांढरी रेष उमटते. बारकोडाच्या रेघा त्याच दिशेने असतील, तर एखादी अरुंद रेघ संपूर्ण नाहीशी होऊ शकते. त्या आडव्या असतील, तर ती पांढरी रेष सर्व रेघांना एकाच ठिकाणी छेदते व उरलेल्या भागावरून बारकोड वाचता येतो.

जोडणीच्या पद्धती : (१) संगणकावरील सर्वसाधारण प्रिंटर चालक प्रणालीमार्फत लेबल छापणे, (२) प्रिंटरच्या स्वतःच्या भाषेतील आज्ञा, उदा., झेडपीएल, जाळ्यामार्फत थेट पाठविणे. (३) मध्यस्थ लेबल सॉफ्टवेअर वापरणे. तिसऱ्या पद्धतीत लेबलाचा आराखडा मध्यस्थाकडे असतो व गोदाम प्रणाली केवळ बदलती माहिती पाठविते. त्यामुळे आराखडा बदलला, तरी मूळ प्रणालीस हात लावावा लागत नाही. देवनागरी मजकुराबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. प्रिंटरमधील साध्या अक्षरसंचांत जोडाक्षरे व वेलांट्या योग्य स्थानी जुळविण्याची सोय नसते. म्हणून असा मजकूर संगणकावर चित्ररूपात तयार करून पाठवितात.

दोष व निवारण : प्रिंटरकडे आज्ञा पोहोचणे म्हणजे लेबल छापले जाणे नव्हे. कागद संपलेला असला, तर आज्ञा प्रिंटरच्या स्मृतीत पडून राहते. उत्तर न आल्याने प्रणालीने तीच आज्ञा पुन्हा पाठविली, तर कागद भरताच एकाच क्रमांकाची दोन लेबले बाहेर पडतात. ती दोन पॅलेटांवर लागल्यास प्रणालीच्या दृष्टीने त्यांपैकी एक पॅलेट अस्तित्वातच नसते.

वाहक पट्ट्यावरील खोक्यांना यंत्राने लेबल चिकटविताना याहून फसवा दोष संभवतो. एक खोके लेबलाविना पुढे गेले, तर त्याचे लेबल मागच्या खोक्यावर लागते आणि तेथून पुढील प्रत्येक खोक्यावर आधीच्या खोक्याचे लेबल येते. प्रत्येक लेबल स्वच्छ व वाचनीय असते, परंतु सर्व चुकीची असतात. औषधांच्या बाबतीत असे घडल्यास सदोष गटाचा माल परत मागविताना निर्दोष खोकी परत येतात व सदोष खोकी रुग्णांपर्यंत पोहोचू शकतात.

यासाठी क्रमांक प्रिंटरने नव्हे, तर मध्यवर्ती नोंदसंग्रहाने एकदाच द्यावा. पुनर्मुद्रणाची स्वतंत्र नोंद ठेवावी. लेबल चिकटविल्यानंतर स्कॅनरने वाचून मगच तो क्रमांक ग्राह्य धरावा आणि न जुळणारे खोके बाजूस काढावे, अशी व्यवस्था करतात. छपाईची प्रत आयएसओ/आयईसी १५४१६ या मानकानुसार तपासतात. परंतु ही तपासणी लेबल वाचनीय आहे एवढेच सांगते, ते योग्य वस्तूवर आहे हे सांगत नाही.

अलीकडील प्रगती : १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह येथे विकसित झालेल्या क्यूआर कोडात दोन्ही दिशांना माहिती साठविली जाते व सर्वोच्च दुरुस्ती पातळीवर सु. ३०% भाग खराब झाला तरी ती मिळविता येते. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध नाममुद्रांच्या लेबलांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा करण्यात आला. त्यात गट क्रमांक व मुदत समाप्तीची तारीखही द्यावी लागत असल्याने उत्पादनाची नोंद व लेबलाची छपाई यांचा मेळ घालणे औषध उद्योगात अनिवार्य झाले आहे.