काचेतली फळं, हातातलं पोस्टकार्ड : स्थलांतरितांची कविता शिकवताना

घरापासून, देशापासून दूर गेलेल्या माणसांच्या कविता वर्गात कशा शिकवायच्या, हा आजचा विषय. आम्हा शिक्षकांना इथे एक अडचण हमखास येते. मुलं कविता वाचतात आणि लगेच लिहून मोकळी होतात, ‘कवीला मायदेशाची आठवण येते.’ उत्तर चूक नाही. पण एवढंच कळायचं असेल तर कविता कशाला वाचायची? म्हणून आम्ही कल्पनाबंधाकडे वळतो.

कल्पनाबंध म्हणजे इंग्रजीतला मोटिफ. एखादी वस्तू, जागा किंवा क्रिया पुन्हा पुन्हा येते आणि येताना थोडी बदलते. जात्यावरच्या ओव्यांवरून मुलांना हे चटकन समजतं. सासरी गेलेल्या बाईच्या ओवीत माहेर सतत येतं. पण आई असतानाचं माहेर वेगळं आणि आईमागे भावजयीच्या हाती गेलेलं माहेर वेगळं. उंबरठा तोच, बाई मात्र आता पाहुणी. ‘तेच, पण बदललेलं’ असं जे असतं, ते शोधायचं.

एवढी तयारी झाली की आम्ही क्लॉड मॅके यांची ‘द ट्रॉपिक्स इन न्यूयॉर्क’ ही कविता घेतो. मॅके जमैकाचे. 1912 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुन्हा कधी मायदेशी परतले नाहीत. 1920 साली प्रसिद्ध झालेली ही कविता फक्त तीन कडव्यांची आहे. पहिल्या कडव्यात केळी, आलं, कोको, आंबे अशी नुसती यादी. दुसऱ्यात कळतं की हे सगळं दुकानाच्या खिडकीत मांडलंय, आणि त्यातून झाडं, ओढे, डोंगर आठवतात. तिसऱ्यात बघणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि तो तोंड फिरवतो.

इथे मुलं पटकन म्हणतात, ‘फळं म्हणजे मायभूमी.’ अशी समीकरणं आम्ही फळ्यावर लिहीत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न देतो. वस्तू पहिल्यांदा कुठे दिसते? तिच्यात आणि माणसात काय आडवं येतं? शेवटी तिचं काय होतं? मग मुलांना खिडकी दिसायला लागते. फळं समोर आहेत, पण विकायला ठेवलेली. शेवटी भूक लागते ती फळांची नाही, जुन्या रीतीभातींची, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. इथे थोडा इतिहासही सांगावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जमैकाची केळी जहाजांनी अमेरिकेत जात होती. म्हणजे फळ आणि माणूस एकाच समुद्रमार्गाने आले. फळाला गिऱ्हाईक आहे. माणसाचं काय, हा प्रश्न मुलांनाच विचारू द्यावा.

दुसरी कविता आगा शाहिद अली यांची, ‘पोस्टकार्ड फ्रॉम काश्मीर’. श्रीनगरात वाढलेले शाहिद 1970 च्या दशकात अमेरिकेला गेले. ही कविता 1987 च्या ‘द हाफ-इंच हिमालयाज’ या संग्रहात आहे. टपालाने काश्मीरचं एक चित्रकार्ड येतं आणि अख्खं घर चार बाय सहा इंचांत मावतं. पुढे कवीच म्हणतो की परत गेल्यावर झेलमचं पाणी या कार्डातल्याइतकं नितळ नसेल. मग आठवणीसाठी तो फोटोच्या निगेटिव्हची प्रतिमा वापरतो. आजच्या मुलांनी निगेटिव्ह पाहिलेलीच नसते, त्यामुळे ती मिळाली तर वर्गात नक्की न्या. उजळ तिथे काळं, काळं तिथे उजळ, आणि धुतल्याशिवाय चित्र नाही. हे डोळ्यांनी बघितलं की मुलांच्या लक्षात येतं, कवी आठवणीवरही विश्वास टाकत नाहीये. इथे ‘तेच, पण बदललेलं’ जे आहे ते खुद्द घरच.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलं या कवितेत काश्मीरमधला हिंसाचार शोधतात. पण 1989-90 मध्ये पेटलेला संघर्ष या संग्रहानंतरचा. त्याची छाया शाहिद यांच्या 1997 च्या संग्रहावर आहे. त्याचं नावच ‘द कंट्री विदाउट अ पोस्ट ऑफिस’. 1990 मध्ये तिथलं टपाल काही महिने बंद पडलं होतं, तो संदर्भ या नावामागे आहे. आधी कार्ड येत होतं, आता टपालच थांबलं. एकच कल्पनाबंध दहा वर्षांत कसा पालटतो, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

आता शेवटचं, आणि सगळ्यात नाजूक. आपल्या वर्गातही घर सोडून आलेली मुलं असतात. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कुणी परराज्यातून आलेलं असतं. ‘तुझ्या गावाची आठवण सांग’ असं त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारू नये. काहींना गाव आठवत नाही, काहींना आठवायचं नसतं, आणि काहींना तिथून सुटल्याचा आनंद असतो. आम्ही सगळ्या वर्गाला एकच काम देतो : एक वस्तू निवडा आणि ती दोन जागी दाखवा, पूर्वी होती तिथे आणि आता आहे तिथे. वस्तू स्वतःची असो वा कल्पनेतली, आम्ही विचारत नाही. ‘आठवण’ हा शब्द मात्र वापरायचा नाही. वह्या तपासताना अश्रू मोजू नका. दुसऱ्या जागी ती वस्तू कशी बदलली, तेवढं बघा. ज्याला स्वतःचं सांगायचं असेल, तो वस्तूच्या आडून सांगतो. ज्याला नसेल, त्याच्यावर जबरदस्ती होत नाही.