लहान होडीसाठी शिटी की भोंगा?

दिव्याच्या उत्तरेस उल्हास नदीची खाडी आहे. तेथे लहान होडी चालविणाऱ्यास धुक्याची धास्ती असते. दाट धुके उतरले म्हणजे शंभर हातांवरील होडीही दृष्टीस पडत नाही. अशा वेळी डोळ्यांचे काम कानांस करावे लागते. यास्तव होडीवर आवाजाने इशारा देण्याचे खात्रीचे साधन असणे अगत्याचे आहे.

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम समुद्रास व त्यास जोडलेल्या जलमार्गांस उद्देशून आहेत. त्यांनुसार १२ मीटरहून कमी लांबीच्या होडीस ठरावीक प्रतीच्या भोंग्याची सक्ती नाही. तथापि दुसऱ्यास स्पष्ट ऐकू जाईल असे काही तरी साधन तिजवर असलेच पाहिजे.

शिटीचा आवाज उंच पट्टीचा असल्याने इंजिनाच्या घरघरीतूनही वेगळा ओळखू येतो. परंतु दूरवर तो लवकर विरतो. भोंग्याचा खालच्या पट्टीचा आवाज अधिक लांब पोहोचतो. म्हणून यांपैकी एक न निवडता दोन्ही बाळगणे हितावह होय.

शिटी आत गोळी नसलेली व प्लॅस्टिकची घ्यावी. भिजलेली गोळी अडकून बसते, तर लोखंडी शिटी खाऱ्या पाण्याने गंजते. भोंग्यांपैकी विजेचा भोंगा बॅटरी उतरली की मुका होतो. वायूच्या डब्याचा भोंगा मोठा वाजतो; पण वायू संपतो, शिवाय थंडीत त्याचा दाबही घटतो. तोंडाने फुंकावयाचा किंवा हातपंपाचा भोंगा यांवर अवलंबून नसल्याने लहान होडीस अधिक भरवशाचा ठरतो.

भोंगा सुकाणूजवळ हाताशी असावा. शिटी मात्र प्रत्येकाने स्वतःच्या जीवरक्षक जॅकेटला दोरीने बांधावी. होडी उलटल्यास खणात ठेवलेली शिटी होडीबरोबरच जाते. पाण्यात पडलेल्या माणसाजवळ जी असेल तीच उपयोगी पडते.

पुढील संकेत ध्यानात ठेवावेत. लघुनाद सुमारे १ सेकंदाचा, तर दीर्घनाद ४ ते ६ सेकंदांचा असतो. यांत्रिक होड्या एकमेकींस दिसत असता १ लघुनाद म्हणजे 'मी उजवीकडे वळतो', २ म्हणजे 'डावीकडे' व ३ म्हणजे 'इंजिन उलटे चालविले आहे'. ५ किंवा अधिक जलद लघुनाद म्हणजे 'तुमचा हेतू मला कळत नाही'. पलीकडचे दिसत नाही अशा वळणावर १ दीर्घनाद द्यावा. धुक्यात चालत्या यांत्रिक होडीचा संकेतही १ दीर्घनाद हाच आहे. लहान होडीस नेमका तो देण्याचे बंधन नाही. परंतु दोन मिनिटांच्या आत कोणता तरी स्पष्ट आवाज पुनःपुन्हा करणे बंधनकारक आहे. दिवा जंक्शनजवळ आगगाड्यांचे भोंगेही कानी पडतात. म्हणून नुसता गोंगाट न करता ठरलेला संकेतच द्यावा.

विकत घेण्यापूर्वी साधन पाण्यात बुडवून लगेच वाजवून पाहावे. नंतर इंजिन चालू ठेवून एकाने होडीतून वाजवावे व दुसऱ्याने काठावरून ऐकावे. वाऱ्याच्या दिशेने आणि विरुद्ध, अशी दोन्हीकडून परीक्षा करावी. ग्रामसेवकांनी हिवाळ्यापूर्वी धक्क्यावर होडीवाल्यांस एकत्र करून ही परीक्षा व संकेतांचा सराव घडवून आणावा. वेळेवर ऐकू आलेला एक इशारा टक्कर टाळू शकतो.