मुलांच्या पाठीचा कणा वाकडा होतोय? वेळेत दाखवा, उपाय आहे

एक खांदा वर, एक खाली. कमर एका बाजूला झुकलेली. कुर्ता नीट बसत नाही. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये, खास करून मुलींमध्ये, असं दिसलं तर तो कण्याचा बाक असू शकतो. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. दुखत नसल्याने घरच्यांच्या लक्षात येत नाही, त्यात ओढणी-बुरख्याखाली ते झाकलंही जातं.

घरीच पाहण्याचा सोपा मार्ग आहे. मूल रुकूत जातं तसं पुढे वाकवा आणि आईने मागून पाठ पाहावी. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

बहुतेक मुलांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. दप्तराचं ओझं, चुकीचं बसणं किंवा कुणाची नजर यामुळे हा बाक येत नाही. त्यामुळे आईला किंवा मुलीला बोल लावू नका. काहींमध्ये तो जन्मजात असतो किंवा स्नायूंच्या आजारातून येतो.

उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात. दहा अंशांपेक्षा जास्त असेल तर स्कोलिओसिस. पुढचा उपचार कोन आणि उरलेली वाढ यावर ठरतो.

साधारण २५ अंशांपर्यंत फक्त लक्ष ठेवतात. दर चार-सहा महिन्यांनी तपासणी होते.

२५ ते ४५ अंश आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस देतात. हा मापाने बनवलेला कडक सांगाडा असतो, मेडिकलवर मिळणारा कमरेचा पट्टा नव्हे. ब्रेस बाक सरळ करत नाही, वाढण्यापासून रोखतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात ब्रेसवाल्या ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत गेला नाही. ब्रेस नसलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं. रोज तेरा तासांपेक्षा जास्त वापरणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाला. ब्रेस कपड्यांच्या आत बसतो, वजूला आड येत नाही. रुकू-सजदा जमत नसेल तर बसून नमाजची सवलत आहेच.

४५-५० अंशांच्या पुढे ऑपरेशनचा विचार होतो. स्क्रू आणि सळ्या लावून कणा सरळ करतात. मज्जातंतूला इजा होण्याचा धोका कमी असला तरी असतो. तो आधी विचारून घ्या.

व्यायामाने मदत होते, पण हाडवैद्याच्या मालिशने बाक जात नाही. त्यात जातो तो वेळ. पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत उंची थांबत येते आणि ब्रेसची संधीही संपते. "रिश्ता येणार नाही" म्हणून आजार लपवला तर नुकसान मुलीचंच. अशा बहुतेक मुली पुढे संसार करतात, आईही होतात.

कुठे जायचं? जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सुरुवात तिथल्या अस्थिरोग विभागापासून करा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं की त्यांनाही दाखवा. ब्रेससाठी मुंबईत हाजी अली इथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. ऑपरेशन सांगितलं तर आधार आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. हे ऑपरेशन महात्मा फुले किंवा आयुष्मान योजनेत तिथे होतं का, हे दाखल होण्याआधी विचारा. कर्ज काढण्याची घाई करू नका.

दुआ जरूर करा, सोबत एक्स-रेही काढा.